भिंगरीचा उजवा डोळा

भिंगरी आयुष्यात कधी सरळ चालत आला नाही. दुकानात शिरताना तो पायरीला बगल देई, घरात खुर्चीला चकवून टेबलाशी बसे. रस्त्यावर दिव्याच्या खांबाला डावीकडे जायची हूल देऊन तो उजवीकडून निसटे, आणि खांब फसला की नाही हे वळून बघे. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखा गल्लीभर पळायचा म्हणून पडलेलं नाव पस्तिशी आली तरी चिकटून राहिलं. आईसुद्धा त्याच नावाने हाक मारते. खरं नाव लग्नाच्या नोंदीत आहे असं त्याची बायको सांगते, पण तीही ते आठवायला जरा वेळ घेते.

आठवड्याचे सहा दिवस हा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि सातव्या दिवशी गल्लीच्या फुटबॉल क्लबचा लेफ्ट विंगर असतो. अकरा नंबरचा शर्ट सोळा वर्षं त्याच्याच अंगावर आहे. शर्ट तीनदा बदलला, आतला माणूस तोच. सध्याचा शर्ट पोटावर किंचित अडतो, पण त्याचं म्हणणं कापड आटलं.

दुकानामागे त्याची कामाची खोली आहे. तिथे दोन माणसं उभी राहू शकतात, पण एकाने श्वास आत घेतला तरच. मधोमध घासायचं चाक, त्यावर थेंबथेंब पडणारं पाणी, भिंतीला लटकवलेल्या सुट्या काड्या आणि औषधाच्या जुन्या डब्यांतून ठेवलेले मोहरीएवढे स्क्रू. यातला एखादा स्क्रू जमिनीवर पडला की अख्खं दुकान गुडघ्यांवर येतं, मालकांसकट. मंगळवारी आणि शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात. त्या दिवशी पेशंटला खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर तपासणीची वजनदार फ्रेम चढवायची आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा, हे काम भिंगरीचं.

"हं, वाचा. घाई नाही. नापास कुणी करत नाही इथे," तो म्हणायचा. मग पेशंट "क... न... मग तो र असावा," असं चाचपडू लागला की भिंगरी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात पुढची ओळ म्हणत असे. एकोणीस वर्षं एकाच खिळ्यावर टांगलेला तो तक्ता. शाळेत पाढे पाठ झाले नाहीत म्हणून ज्याने बाकावर उभं राहून दिवस काढले, त्या माणसाला हा तक्ता मात्र उलटसुलट पाठ होता. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही.

डॉक्टरीणबाई वर्षातून एकदा दुकानातल्या सगळ्यांचे डोळे तपासत. भिंगरीची पाळी आली की कार्यक्रम अर्ध्या मिनिटात आटपे. उजवा डोळा झाकून एकदा, डावा झाकून एकदा, वरपासून खालपर्यंत धडाधड, मध्ये श्वाससुद्धा नाही. शेवटी छापखान्याचं नाव सांगून तो खुर्चीवरून उठे.

"ससाणा आहे हा," मालक गिऱ्हाइकांना सांगत. "दुकानाची जाहिरात आहे."

आणि यंदा हा ससाणा मैदानावर काय करत होता? बारा सामने झाले होते. भिंगरीचे गोल शून्य. त्याने कडेवरून गोलसमोर उचलून दिलेल्या बॉलवर, म्हणजे क्रॉसवर, दुसऱ्या कुणी मारलेले गोल, तेही शून्य. त्याचा एक क्रॉस थेट रुग्णवाहिकेच्या छपरावर गेला. दुसरा शेजारच्या मैदानावर पडला, आणि तिथल्या गोलकीपरने तो इमानदारीने अडवला. गोलसमोर आपले तीन खेळाडू हात वर करून बोंबलत उभे असताना त्याने लाइन्समनला पास दिला. पास अप्रतिम होता. लाइन्समनने झेंडा काखेत धरून तो पायात घेतला आणि नंतर ओशाळला.

गंमत म्हणजे पळणं तसंच होतं. डाव्या रेघेवरून सुटला की समोरचा फुलबॅक अजूनही दोन पावलांत मागे पडायचा. रेघेपलीकडचे आम्ही प्रेक्षक, चहावाला, आमच्या हातातले पेले, सगळं त्याला लख्ख दिसायचं. "काय वहिनी नाही आल्या?" असं तो पळता पळता विचारून जाई. मग शेवटच्या वळणावर मान वर करून बॉल मारायची वेळ आली की गाडी रुळावरून घसरलीच म्हणून समजा.

आता हे सगळं आम्ही हसून सोडलं असतं, पण यंदा हसायची सोय नव्हती. लीगमध्ये नऊ क्लब. सोळा सामन्यांनंतर जो तळाला राहील तो खालच्या गटात जाणार. आणि खालच्या गटाचा नियम असा की बत्तीस वर्षांच्या वरच्या माणसाला तिथे खेळता येत नाही. तो गट तरुणांसाठी आहे, भिंगऱ्यांसाठी नाही. आमचा क्लब नववा होता, म्हणजे तळालाच. क्लब खाली गेला की भिंगरी घरी बसणार होता. या मोसमापुरता नव्हे, कायमचा.

घरोघरी याची कारणमीमांसा सुरू झाली. त्याच्या आईच्या मते दोष बुटांचा होता. "ते जुने बूट फेकून दे म्हणून कधीपासून सांगतेय. बॉलला दिशा बूट देतो, माणूस नाही," ती म्हणे. या म्हातारीने आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता, पण आत्मविश्वास असा की समोरच्याने बूट बदलावेत.

त्याची बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. तिचं निदान धंद्याला धरून होतं. "अहो, तुम्ही मनातल्या मनात ब्रेक मारता. आणि एक सांगा, स्कूटरचा उजवा आरसा दोन महिन्यांत दोनदा कसा फुटला?"

"भिंत पुढे आली."

"माझ्याकडे दहा दिवस शिकलेली माणसं गाडी नीट लावतात. तुम्ही वीस वर्षं चालवताय आणि भिंती पुढे येतात?"

या बाईंना धाकटा भाऊ आहे. वय तेवीस, बेकरीची डिलिव्हरी व्हॅन चालवतो, केसांची निगा फुलझाडासारखी राखतो, आणि आमच्याच क्लबचा राखीव विंगर आहे. भाऊजींवर त्याचं प्रेम खरं होतं, पण भाऊजींच्या शर्टावरचं प्रेम जरा जास्त खरं होतं. "भाऊजी, तुम्ही खूप खेळलात," तो जेवताना हळूच म्हणाला. "आता घरून बघायलाही मजा येते म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"म्हणजे... ऐकलंय."

"ताटाकडे बघ," ताई म्हणाली, आणि विषय तात्पुरता मिटला.

कायमचा मिटवायचं काम वस्तऱ्याचं होतं. वस्तरा म्हणजे आमचे कोच. त्यांचं सलून आहे. तोंडावर त्यांना सगळे कोच म्हणतात, पाठीमागे वस्तरा. शुक्रवारी संध्याकाळी रविवारच्या सामन्याची यादी सलूनच्या आरशावर चिकटवायची ही त्यांची जुनी पद्धत. यादी बघायला यायचं तर दाढी तरी करायची, असा अलिखित कायदा आहे. त्यामुळे आमच्या क्लबचे सगळे खेळाडू रविवारी एकदम गुळगुळीत असतात. आणि ज्याला बसवायचं असेल त्याच्या गालांना फेस लावून झाल्यावरच कोच बोलायला तोंड उघडतात. फेस आणि वर वस्तरा असल्यावर कोण वाद घालणार?

बाराव्या सामन्यानंतरच्या शुक्रवारी भिंगरी खुर्चीत बसला. कोचनी फेस लावला, नेहमीपेक्षा दुप्पट. भिंगरी काय ते समजला. आरशावरच्या यादीत अकरा नंबरपुढे मेव्हण्याचं नाव होतं.

"हलू नकोस," कोच म्हणाले. "मलाही बरं वाटत नाही. सोळा वर्षं झाली. पण चार सामने राहिलेत, आणि तू लाइन्समनला पास देतोस."

"ऊं ऊं," भिंगरी म्हणाला.

"माहीत आहे, पास चांगला होता. हनुवटी वर कर."

तेराव्या सामन्यात मेव्हणा वाऱ्यासारखा पळला. पण तो उजव्या पायाचा, आणि डाव्या बाजूला उभा. प्रत्येक बॉल उजव्या पायावर घ्यायला थांबायचा, तेवढ्यात समोरच्यांची अख्खी टीम परत येऊन चहा पिऊन उभी राहायची. आम्ही दोन शून्यने हरलो. भिंगरी बाकावर बसून नखं खात होता. बायकोने त्याच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं, तर त्याने फोडी सोडून सालीच चावल्या.

पुढचा मंगळवार उजाडला. दुकानात मालकांनी मोठ्या हौसेने नवा तक्ता आणला होता. आतून दिवा लागणारी पांढरी पेटी, काळीभोर अक्षरं. जुना तक्ता उन्हाने इतका पिवळा पडला होता की चांगल्या डोळ्यांची माणसंही घाबरून चष्मा घेऊन जात. मालकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली होती.

भिंगरी मागच्या खोलीत काच घासत होता. चाकाच्या घरघरीत बाहेर काय टांगलं गेलं याचा त्याला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. "जरा खुर्चीत बस रे. दिव्याचा उजेड बरोबर पडतोय का बघायचंय. डावा डोळा झाक आणि चौथी ओळ वाच."

भिंगरी हात पुसत आला, खुर्चीत बसला, डावा डोळा झाकला. समोर काहीतरी उजळ पांढरं दिसलं, त्यावर काहीतरी काळं. बल्ब नवा घातला असेल, त्याने मनाशी म्हटलं. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने गाडी सुटली. "ग, ट, म, क, न, र. पाचवी पण वाचू?"

मालकांनी तक्त्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे. काउंटरपाशी फ्रेम निवडत असलेल्या एका गिऱ्हाइकाने डोळ्यांवरची फ्रेम काढून तक्त्याकडे बघितलं, पुन्हा घालून बघितलं आणि ते चिंतेत पडलं.

"पाचवी वाच," डॉक्टरीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

"ल, प, स, ह, त, द, य. खाली छापखाना."

"छापखाना नाहीये."

"तळाला, उजव्या कोपऱ्यात."

"अरे, तिथे कोपऱ्यात वायर आहे. आणि चौथ्या ओळीत ग नाही, ट नाही, म नाही. तू जो वाचतोयस तो तक्ता मागच्या दाराशी कचऱ्यात उभा आहे!"

भिंगरीने हात काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं. नवीन अक्षरं! पुन्हा डावा डोळा झाकला. अक्षरं गायब, जणू कुणी ओल्या फडक्याने पुसली. उघडला, आली. झाकला, गेली. पाचसहा वेळा त्याने हा खेळ केला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात धरला आणि तपासणीची फ्रेम चढवली. एकोणीस वर्षांत ती त्याच्या स्वतःच्या नाकावर पहिल्यांदाच चढत होती.

डावा डोळा ठणठणीत. उजव्याला वजा पावणेतीन.

"दोन वर्षं तरी हळूहळू वाढत आला असणार," बाई म्हणाल्या. "आणि दरवर्षी तू मला पाठांतर म्हणून दाखवत होतास, शहाण्या!"

"पण मला तर सगळं दिसतं, मॅडम."

"डाव्याने दिसतं. आता मला सांग, तू खेळतोस कुठे?"

"डावीकडे. रेघेवर."

"म्हणजे मैदान तुझ्या उजव्या हाताला. समोरचं आणि डावीकडचं डावा डोळा बघतो. पण लांब उजवीकडे बघायचं तर डाव्या डोळ्याच्या आड काय येतं?"

भिंगरीने विचार केला. "फुलबॅक?"

"नाक!"

नाकाचं सांगायचं राहिलं. त्याचं नाक म्हणजे घराण्याचा वारसा आहे, चांगलं ऐसपैस. फ्रेमवाल्यांना ते फार आवडतं, चष्मा कधी घसरत नाही. या नाकाने क्लबचे बारा सामने घालवले होते. त्याच्या पलीकडे आपली अख्खी टीम धुक्यात उभी होती, आणि अलीकडे फक्त लाइन्समन, चहावाला आणि आम्ही.

दुसरा कुणी असता तर खचला असता. भिंगरी खुर्चीवरून उडाला. "म्हणजे मी म्हातारा नाही झालो! मॅडम, मी आंधळा झालोय! आंधळा!" असं तो आनंदाने ओरडला, आणि काउंटरपाशी उभं असलेलं गिऱ्हाईक फ्रेम ठेवून निघून गेलं.

मग तो मागच्या खोलीत शिरला तो दोन दिवस बाहेर आलाच नाही, जेवणापुरता सोडून. न फुटणारी प्लॅस्टिकची काच निवडली, कडा घासून लोण्यासारख्या केल्या. काड्या काढून टाकल्या आणि तिथे रुंद इलॅस्टिकचा पट्टा लावला. नाकावर रबराचं जाड पॅड. धातू म्हणून कुठे नखाएवढाही नाही. घालून त्याने आरशात बघितलं. पाणबुड्या दिसत होता. पण खोलीच्या उजव्या कोपऱ्यात, कपाटाखाली, गेल्या वर्षी हरवलेले तीन स्क्रू त्याला एका नजरेत सापडले.

शुक्रवारी तो सलूनच्या दारात उभा राहिला, डोळ्यांवर तो चष्मा, म्हणजे आमच्या भाषेत पाणबुड्या, चढवून.

"हे काय सोंग?" कोच म्हणाले.

"कोच, मला दिसत नव्हतं. आता दिसतं. रविवारी घ्या."

"बारा सामने न बघता खेळलास?"

"उजवीकडचं न बघता."

"अरे, बायकोने शिकवून पाठवलंय का? हरल्यावर सगळ्यांनाच काही ना काही दिसेनासं होतं. आमच्या गोलकीपरला तर बॉलच दिसत नाही. म्हणून त्याला दुर्बीण देऊ?"

भिंगरी दारातून हलला नाही. त्याने नुसती मान उजवीकडे वळवली. "तिसऱ्या खुर्चीतल्या साहेबांचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा अर्धं बोट लांब आहे."

तिसऱ्या खुर्चीतले साहेब केप गुंडाळलेले तसेच उठले आणि आरशाला नाक लावून बघू लागले. अर्धं बोट म्हणजे अर्धं बोटच होतं. तीस वर्षांच्या धंद्यात कोचवर अशी वेळ आली नव्हती. त्यांनी साहेबांना हाताला धरून बसवलं, कल्ला दुरुस्त केला, माफी मागितली, आणि मग दाराकडे न बघता म्हणाले, "बाकावर बस. शेवटची पंचवीस मिनिटं देईन. आणि पुन्हा गिऱ्हाइकांसमोर बघत जाऊ नकोस."

चौदाव्या सामन्यात पंचवीस मिनिटं उरली तेव्हा आम्ही एक शून्यने मागे होतो. भिंगरी रेघेवर उभा राहिला. रेफरी धावत आला. "चष्मा चालणार नाही."

"तपासा ना, साहेब. धातू नाही, कडा नाहीत, काच फुटत नाही."

रेफरीने पाणबुड्या हातात घेतल्या, दाबल्या, वाकवल्या, पट्टा ताणून सोडला. आमची बाजू अधीर झाली होती. मागून कुणीतरी आरोळी ठोकली, "रेफरीलाच द्या तो! त्याला जास्त गरज आहे!" आणि सगळं मैदान ओरडू लागलं, "रेफरीला चष्मा द्या! रेफरीला चष्मा द्या!"

भिंगरीने हात वर केला. "नका रे ओरडू! त्यांचा चष्मा मीच बनवलाय. घरी वापरतात. नुसता वाचायचा आहे, लांबचं चांगलं दिसतं त्यांना!"

रेफरी लाल झाला, पण परवानगी मिळाली.

मेव्हणा बाहेर यायला निघाला, तर उजव्या विंगरला बाहेर बोलावत कोच ओरडले, "तू कुठे चाललास? उजवीकडे जा! उजव्या पायाचा माणूस डावीकडे काय करतोय?" जणू त्याला तिथे दुसऱ्याच कुणीतरी उभं केलं होतं.

आणि मग भिंगरी सुटला. फुलबॅकला त्याने खांबासारखं चकवलं, वळणापाशी आला. चहावाल्याने सवयीने किटली पोटाशी धरली. पण भिंगरीने मान वर केली आणि बॉल उचलून दिला. तो गेला गोलकीपरच्या बोटांवरून, दोन बचावपटूंच्या मधून, थेट आमच्या सेंटर फॉरवर्डच्या कपाळावर. हा सेंटर फॉरवर्ड धंद्याने प्लंबर आहे. इतक्या महिन्यांत त्याला इतका नीट बॉल मिळाला नव्हता, त्यामुळे गोल झाल्यावरही तो पाचेक सेकंद नुसता उभा होता. सात मिनिटांनी पुन्हा तसाच क्रॉस, पुन्हा तेच कपाळ. दोन एक!

पंधराव्या सामन्याचं काय सांगावं! आम्ही तीन एकने जिंकलो आणि त्यातले दोन भिंगरीचे. एक मारला तो गोलकीपर चार पावलं पुढे आलेला बघून, चाळीस यार्डांवरून. "चार नाही, साडेतीन पावलं," त्याने नंतर सुधारलं. आता तो सगळंच बघत होता. पळता पळता रेघेपलीकडे न बघता मैदानाकडे बोट दाखवून तो आम्हाला सांगे, "तो बघा, त्यांचा सहा नंबर लंगडतोय!" घरी बायकोला म्हणाला, "अगं, तुझ्या उजव्या भुवईवर तीळ आहे!" ती म्हणाली, "लग्नाआधीपासून आहे." पण तीही लाजली म्हणतात.

आता राहिला शेवटचा रविवार. समोर अग्निशामक दल. ते आठवे, आम्ही नववे, आणि आमच्यात दोन गुणांचं अंतर. जिंकलो तर आम्ही वाचणार आणि ते खाली जाणार. बरोबरी झाली तरी आम्ही खाली, आणि भिंगरीचा फुटबॉल संपला. हिशेब इतका सोपा की त्याच्या आईलाही कळला. ती पहिल्यांदाच मैदानावर आली आणि खुर्ची थेट रेघेवर टाकून बसली. लाइन्समन तिला वळसा घालून पळू लागला.

अग्निशामकांचा राइट बॅक म्हणजे कपाटच. दार खांद्याने फोडायचं काम हा एकटा करतो म्हणे. पहिल्याच मिनिटाला त्याने भिंगरीला आईच्या पायाशी आणून टाकलं.

"ऊठ," आई म्हणाली. "आणि त्याला सांग, त्याच्या बुटाची नाडी सुटलीय."

भिंगरीने सांगितलं. कपाट खाली वाकलं. नाडी खरंच सुटली होती, पण तोवर भिंगरी बॉल घेऊन वीस पावलं पुढे गेला होता. क्रॉस, प्लंबर, गोल! एक शून्य!

पण मग दमट हवेने डाव साधला. अंगाला घाम, काचेला वाफ. अर्ध्या तासात पाणबुड्यांच्या आत दाट धुकं जमलं. भिंगरी शर्टाने पुसायचा, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. त्याचा एक पास जाऊन अचूक कपाटाच्या पायात पडला, तिथून बॉल पुढे गेला, आणि एक एक झालं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा मेव्हणाच त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आला.

"भाऊजी, काढून टाका ते. डाव्या डोळ्यावर खेळा."

"डाव्या डोळ्यावर बारा सामने खेळलोय. कोच, तुमची पिशवी कुठे आहे?"

"पिशवीत काय आहे? माझं दाढीचं सामान."

"तेच! दाढीचा साबण द्या!"

कोचना वाटलं माणूस हातचा गेला. पण भिंगरीने साबणाची वडी घेतली, काचेवर कोरडीच आतून बाहेरून घासली आणि मऊ फडक्याने पुसून लख्ख केली. "आंघोळीला गेल्यावर चष्म्यावर वाफ धरते अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यांना मी हेच सांगतो. पातळ थर बसला की वाफ धरत नाही." मग त्याने काचेवर दोनदा हा हा करून श्वास सोडला. काच स्वच्छ! कोच साबणाच्या वडीकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू तिने तीस वर्षं त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

दुसरा हाफ म्हणजे नुसती धुमश्चक्री. प्लंबरने एक बारला मारला. आमच्या गोलकीपरने, ज्याला बॉल दिसत नाही, त्याने दोन अडवले. त्यातला एक पाठीने. घड्याळ पळत होतं. पाच मिनिटं उरली, तीन उरली. आईने खुर्ची आणखी अर्धा हात आत सरकवली. बायको गाडी शिकवताना ओरडते त्या आवाजात ओरडत होती, "गिअर बदला! अहो, गिअर बदला!"

आणि शेवटच्या मिनिटाला उजव्या रेघेवरून मेव्हण्याने एक लांबलचक बॉल हवेत सोडला. मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, भिंगरीच्या उजव्या बाजूने, नेमक्या त्या दिशेने जिथे वर्षभर नुसतं धुकं होतं. भिंगरीने तो पायातून सुटल्या क्षणी बघितला. कपाटाने बघितलाच नाही, ते भिंगरीकडे बघत होतं. बॉल छातीवर, छातीवरून पायावर, कपाट एका बाजूला, भिंगरी दुसऱ्या बाजूला! गोल समोर, गोलकीपर धावत पुढे.

"मार!" आम्ही ओरडलो. "मार!" कोच ओरडले. "मारा!" बायको ओरडली. पण त्याने मारला नाही. वीस वर्षं त्याला ओळखणारे आम्ही कपाळाला हात लावायच्या बेतात होतो. त्याची मान उजवीकडे वळली. लांब, अगदी लांब, उजव्या रेघेवरून पळत आलेला मेव्हणा दुसऱ्या खांबापाशी एकटा पोचला होता आणि एक हात वर करून दुसऱ्याने केस सावरत होता. भिंगरीने बॉल गोलकीपरच्या समोरून असा सरकवला की त्याला फक्त पाय लावायचा होता. त्याने उजवा पाय लावला.

त्यानंतर काय झालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. चहावाल्याची किटली हवेत होती. कोच लाइन्समनच्या गळ्यात पडले होते. मेव्हण्याच्या अंगावर नऊ माणसं आणि त्या ढिगाखालून आवाज येत होता, "भाऊजींना बोलवा! अरे, भाऊजींना बोलवा!" आणि मग लगेच, "केस! केस सांभाळून!" रेफरीने शिट्टी वाजवली आणि कपाट मैदानाच्या मध्यभागी बसून रडू लागलं. भिंगरी त्याच्यापाशी गेला, शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. "तुमचा खांदा फार चांगला आहे हो," एवढंच त्याला सुचलं.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी पुढच्या मोसमाचा नोंदणीचा फॉर्म फडफडवत मैदानात घुसले. या गृहस्थांचा कुणावरच विश्वास नाही. माणूस घरी गेला की त्याचं मन बदलतं, म्हणून सही जागेवरच घ्यायची. त्यांनी स्वतःची पाठ वाकवून टेबल केलं आणि पेन मागे दिलं.

"लिही पटकन. वय, जागा, किती मोसम."

भिंगरीने पाणबुड्या कपाळावर सरकवल्या, मग काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा डोळ्यांवर ओढल्या. वयापुढे पस्तीस लिहिलं. जागेपुढे 'डावी बाजू' लिहिलं. किती मोसम, यापुढे पेन थांबलं. भोवती सगळे जमले होते. आई खुर्ची हातात घेऊन आली होती.

"एक लिही," आई म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

"दोन लिही," कोच म्हणाले.

भिंगरीने दोन लिहिलं. मग मान उजवीकडे वळवून बायकोकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, ओठ दाबून, हसू आवरत. त्याने दोनावर काट मारली आणि तीन केलं.

"अहो!" बायको ओरडली.

"लवकर कर रे," खालून सेक्रेटरी म्हणाले. "पाठ भरून आली माझी."

भिंगरीने सही ठोकली.